दोस्त राष्ट्रे आणि बिरसीची धावपट्टी

१/ गोंदिया शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर, कामठ्याच्या शेजारी, बिरसी हे गाव आहे. आजूबाजूला धानाची बांधबंदिस्त शेते, ठिकठिकाणी जुने तलाव, आणि या सगळ्यांच्या मधोमध सुमारे २,३०० मीटर लांबीची धावपट्टी. तिच्यावर आता प्रवासी विमान उतरते, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानेही घिरट्या घालतात. गावाला याचे नवल उरलेले नाही. पण ही धावपट्टी १९४० साली बांधली गेली तेव्हा गोंदियात विमानाने जाणारा-येणारा कोणी नव्हता. ती एका दूरच्या युद्धासाठी होती.

२/ देशाची सुरक्षा आणि पाश्चात्त्य मित्रदेशांशी असलेले संबंध हा विषय बहुधा दिल्ली, लंडन आणि वॉशिंग्टन येथून सांगितला जातो. पत्रे, शिष्टमंडळे, करार आणि पत्रकार परिषदा यांतच तो संपतो. तोच विषय जुन्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकावरून, म्हणजे आजच्या गोंदियातून पाहिला तर वेगळे प्रश्न समोर येतात. गरज कोणाची होती? निर्णय कोणी घेतला? आणि जमीन, खनिज किंवा श्रम कोणाचे गेले? हा धागा या तीन प्रश्नांचा आहे.

३/ ३ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. निवडून आलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांना विचारले गेले नाही, केंद्रीय विधिमंडळालाही नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे त्याच साम्राज्याचे घटक होते. पण कॅनडाच्या संसदेत चर्चा झाली आणि त्या देशाने आठवडाभराने, १० सप्टेंबरला, स्वतंत्रपणे युद्ध घोषित केले. कॅनडाला सवड मिळाली, भारताला सूचना मिळाली. या फरकाची आठवण धाग्याच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

४/ गोंदिया तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते. रविशंकर शुक्ल यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने इतर प्रांतांप्रमाणेच नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला. प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. मराठीत या युद्धातील ब्रिटन, अमेरिका आणि त्यांच्या साथीदारांना ‘दोस्त राष्ट्रे’ म्हणण्याचा प्रघात पडला. पाठ्यपुस्तकांत तो आजही आहे. शब्द मोठा गोड. मात्र ज्याला विचारलेच नव्हते, तो या दोस्तांमध्ये नक्की कोण होता, याचे उत्तर शब्दात नव्हते.

५/ धावपट्टीसाठी गोंदियाच का सोयीचे, हे नकाशा समोर ठेवला की कळते. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारी मुख्य रेल्वे येथून जाते. उत्तरेकडे जबलपूर आणि दक्षिणेकडे चांदा या दिशांना तेव्हा नॅरोगेज फाटे होते. खडी, सिमेंट, इंधन आणि माणसे आणायला जंक्शन हाताशी, भूभाग सपाट, समुद्र दूर. पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम येथून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून अधिक. लष्करी नियोजकाला हव्या असणाऱ्या बहुतेक गोष्टी या एका ठिकाणी होत्या.

६/ हे अंतर लवकरच महत्त्वाचे ठरले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बॉम्ब पडले. दीडशे वर्षे साम्राज्याला भीती होती ती वायव्य सरहद्दीची. युद्ध आले ते पूर्वेकडून. त्या वर्षी भारतभर दोनशेहून अधिक विमानतळांची योजना आखली गेली. देशाच्या अंतर्भागातील तयार धावपट्ट्यांचे मोल एकाएकी वाढले.

७/ संकट खरे होते, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जपानी सत्तेचा अनुभव ब्रह्मदेशातून पायी परतलेल्या लाखो भारतीय निर्वासितांना विचारता आला असता. प्रश्न संरक्षण हवे की नको हा नव्हता. ते कोणाच्या अधिकाराखाली हा होता. मार्च १९४२ मध्ये स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत आले, तेव्हा वाटाघाटी अखेरीस याच मुद्द्याशी येऊन अडखळल्या. संरक्षण खाते भारतीय मंत्र्याकडे द्यायचे तर त्याच्या हाती प्रत्यक्षात काय राहणार, यावर शब्दांची घासाघीस झाली आणि बोलणी फिसकटली.

८/ या बोलण्यांत अमेरिकेचाही माणूस होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी लुई जॉन्सन यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला. अमेरिकेला भारतीयांचा पाठिंबा हवा होता, पण चर्चिल यांना दुखवण्याची तयारी मर्यादित होती. अटलांटिक सनदेत लोकांना आपले शासन निवडण्याचा हक्क मान्य केला होता. ते कलम भारताला उद्देशून नाही, असे चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१ मध्येच ब्रिटिश संसदेत स्पष्ट केले होते. दोस्त राष्ट्रांमध्येही मोठा दोस्त आणि धाकटा दोस्त असे होतेच. भारत त्या दोघांच्याही खालच्या पायरीवर होता.

९/ ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि वैनगंगेचे खोरे पेटले. भंडारा जिल्ह्यात तुमसर येथे गोळीबार झाला. १६ ऑगस्टला शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनतेने सरकारी सत्तेला थेट आव्हान दिले आणि त्याची जबर किंमत मोजली. एकाच मुलखात, एकाच महिन्यात, एक सरकार परक्या आक्रमणापासून ज्या लोकांचे रक्षण करत असल्याचे सांगत होते, त्यांच्यावरच बंदुका रोखून उभे होते. बिरसीच्या धावपट्टीची पहिली पार्श्वभूमी ही अशी आहे.

१०/ युद्ध संपले, साम्राज्य गेले, धावपट्टी राहिली. पण त्याआधीपासून या परिसराला पाश्चात्त्य सुरक्षेशी जोडणारी आणखी एक वस्तू होती: मँगनीज. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाटातील भरवेली, उकवा आणि तिरोडी. पोलाद करताना त्यातील प्राणवायू आणि गंधक काढून टाकायला मँगनीज लागते. रणगाडा, तोफेची नळी, जहाजाचा पत्रा, रेल्वेचा रूळ यांतले काहीच त्यावाचून होत नाही. बालाघाट बाजूचा माल नॅरोगेजच्या डब्यांतून गोंदिया जंक्शनला येत असे.

११/ या खाणींचा मोठा भाग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी या ब्रिटिश कंपनीकडे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शीतयुद्ध सुरू झाले आणि एक विचित्र गोष्ट घडली. अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांना लागणारे मँगनीज मोठ्या प्रमाणात येत होते ते सोव्हिएत संघातून. १९४८-४९ मध्ये मॉस्कोने हा पुरवठा जवळजवळ बंद केला. अमेरिका पर्याय शोधू लागली आणि भारत तिचा प्रमुख पुरवठादार झाला. भंडारा-बालाघाटच्या टेकड्यांतील काळा दगड वॉशिंग्टनच्या सुरक्षाविषयक टिपणांत जाऊन बसला.

१२/ त्याच सुमारास भारताला दुसऱ्याच गोष्टीची निकड होती. १९५० साली पुरामुळे आणि अवर्षणामुळे पिके बुडाली. भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. अमेरिकी काँग्रेसमध्ये चर्चा महिनोन्महिने लांबली. कोरियातील युद्धाबाबत नेहरूंची भूमिका अनेक सदस्यांना खटकत होती. धान्याच्या बदल्यात भारताने सामरिक महत्त्वाची खनिजे द्यावीत, अशी मागणी पुढे आली. उपाशी माणसाशी सौदा करावा का, हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला. भारतातून तो अधिक कडवटपणे विचारला गेला.

१३/ अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला आणि धान्य आले. कर्जाची काही परतफेड सामरिक खनिजांच्या रूपाने करण्याची सोय त्यात होती. मँगनीज तर भारत विकतच होता. म्हणजे १९५१ साली दोन्ही बाजूंना गरज होती. फरक एवढाच की पोलादाचा कारखाना काही महिने साठ्यावर काढू शकतो, रिकामे पोट तेवढे थांबत नाही. मैत्रीच्या वाटाघाटीत ज्याची गरज अधिक तातडीची, त्याचा आवाज खाली येतो. नव्या प्रजासत्ताकाने हा पहिला धडा घेतला.

१४/ १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी साहाय्याचा करार केला. ती शस्त्रे कम्युनिझमविरुद्ध आहेत, असे दिल्लीला सांगण्यात आले. भारताने अलिप्ततेचे धोरण धरले होते, आणि पाकिस्तानच्या सरहद्दीवरून पाहताना शस्त्राच्या नळीवर त्याचा हेतू लिहिलेला नसतो. वॉशिंग्टनच्या बाजूनेही विचार करून पाहावा: जो देश आपल्या आघाडीत येतो त्याला शस्त्रे द्यायची, जो येत नाही त्याला धान्य द्यायचे, हा त्यांचा हिशेब सुसंगत होता. भारताच्या सुरक्षेचा हिशेब मात्र त्यात मावत नव्हता.

१५/ २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिनाभरात से ला आणि बोमडिला पडले. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांना लागोपाठ दोन पत्रे लिहिली. त्यांत बारा स्क्वॉड्रन आधुनिक लढाऊ विमाने, रडारची यंत्रणा आणि ती चालवायला अमेरिकी माणसे, शिवाय बी-४७ बॉम्बफेकी विमाने अशी मागणी होती. अलिप्ततेच्या शिल्पकाराने परक्या वैमानिकांना आपल्या आकाशात बोलावले होते. ही पत्रे पुढे कित्येक वर्षे पूर्ण स्वरूपात लोकांसमोर आली नाहीत.

१६/ २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून जपून ठेवले आहे. त्या वाक्यातला अभिमान रास्त आहे. परंतु सह्याद्री दिल्लीत पोहोचला तेव्हा त्याच्यासमोर पहिले काम होते ते मदत मागण्याचे, आणि मागताना ताठ उभे राहण्याचे. चव्हाणांच्या पुढच्या तीन वर्षांची खरी कसोटी यात होती.

१७/ शस्त्रसंधीच्या पाठोपाठ अमेरिकेचे ॲव्हरेल हॅरिमन आणि ब्रिटनचे डंकन सँडीज दिल्लीत दाखल झाले. मदत द्यायची तयारी होती. अमेरिकी सी-१३० मालवाहू विमाने चालकांसह आली होती आणि सैन्य व सामान वाहून नेत होती, हे विसरता कामा नये. पण त्याबरोबर आग्रहही आला: काश्मीरवर पाकिस्तानशी बोला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात सरदार स्वर्णसिंग आणि झुल्फिकार अली भुट्टो यांच्यात बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झाले नाही.

१८/ डिसेंबर १९६२ मध्ये नासाऊ येथे केनेडी आणि मॅकमिलन यांनी भारतासाठी १२ कोटी डॉलरच्या लष्करी मदतीचा आराखडा ठरवला. निम्मा वाटा अमेरिकेचा, निम्मा ब्रिटन व राष्ट्रकुलाचा. नोव्हेंबर १९६३ मध्ये भारतीय आकाशात अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या हवाई दलांबरोबर ‘शिक्षा’ नावाचा संयुक्त सराव झाला. डोंगरी पलटणींसाठी कपडे, रस्ते बांधायची यंत्रे, दळणवळणाची साधने मिळाली. जे मिळाले ते उपयोगी होते. जे मागितले होते त्याच्या मानाने ते थोडे होते.

१९/ याच वर्षांत विदर्भाचा नकाशा बदलू लागला. सरहद्दीपासून दूर, रेल्वेजवळ, पाण्याजवळ अशा जागा शोधताना नियोजकांची नजर पुन्हा त्याच मध्यभागी आली जिथे १९४० साली ब्रिटिशांची गेली होती. नागपूरजवळ अंबाझरी, चंद्रपूरकडे भद्रावती आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. ज्या मुलखात एकेकाळी परक्या सत्तेने धावपट्टी आखली होती, तेथे आता स्वतंत्र देश आपला दारूगोळा बनवणार होता.

२०/ यांपैकी अंबाझरीची कथा या विषयाला थेट भिडते. तोफगोळ्यांच्या त्या कारखान्यासाठी अमेरिकी कर्जाचा आधार ठरला होता. दुसऱ्याचे शस्त्र विकत घेण्यापेक्षा शस्त्र बनवण्याची क्षमता मिळवावी, हे चव्हाणांच्या खात्याचे धोरण होते आणि मित्राकडून मागायचे तर तेच मागावे, ही त्यातली समज. गोळा एकदा झाडला की संपतो, कारखाना राहतो. पण कारखानासुद्धा पूर्ण होईपर्यंत मित्राच्या मर्जीवरच असतो.

२१/ मे १९६४ मध्ये चव्हाण अमेरिकेला गेले. भारताला एफ-१०४ जातीची स्वनातीत लढाऊ विमाने हवी होती. पाकिस्तानकडे ती १९६१ पासूनच होती. वॉशिंग्टनने कर्ज आणि अनुदान देऊ केले, ही विमाने मात्र दिली नाहीत. भारताला ती परवडणार नाहीत, त्याऐवजी साधी विमाने घ्यावीत, असा युक्तिवाद झाला. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि चव्हाण परतले. एक पर्व वॉशिंग्टनच्या वाटाघाटींच्या मध्येच संपले.

२२/ उन्हाळा सरल्यावर चव्हाण मॉस्कोला गेले. सप्टेंबर १९६४ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि मिग-२१ विमाने भारतात बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. नाशिकजवळ ओझर येथे त्याच वर्षी कारखान्याची स्थापना झाली. चव्हाण नाशिकमधूनच १९६३ साली लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. मॉस्कोनेही हे धर्मादाय म्हणून केले नव्हते. त्यांनाही चीन आणि अमेरिका या दोघांचा हिशेब होता. परंतु त्यांनी विमानाबरोबर विमान बनवण्याचे ज्ञान देऊ केले. भारताची निवड त्यावरून झाली.

२३/ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे पंजाबात घुसले आणि खेमकरणजवळ असल उत्तर येथे मोठ्या संख्येने नष्ट झाले. युद्ध ऐन भरात असताना अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. ब्रिटननेही हात आखडला. दोघांना एकच न्याय, असे ते दिसत होते. अंबाझरीला मिळणारे साहाय्यही याच निर्णयात अडकले. कारखाना भारताने पुढे नेलाच, पण मित्राच्या कर्जावर उभ्या राहणाऱ्या भिंतीची उंची मित्र कोणत्याही दिवशी थांबवू शकतो, हे विदर्भात विटांच्या रूपाने दिसले.

२४/ धान्याच्या बाबतीतही तेच. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पाऊस हुकला. अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे एकेका हप्त्याने, थोडी थोडी सोडण्याचे धोरण ठेवले. शेतीधोरण बदलावे आणि व्हिएतनामवर बोलताना जपून बोलावे, हे त्यामागचे दोन संकेत होते. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला रेशनवरचा लाल मिलो आठवतो. त्याच्या भाकरीची चव सांगताना आजही चेहरे बदलतात. परराष्ट्र धोरण इतक्या जवळून, ताटात, क्वचितच येते.

२५/ मात्र एवढ्यावरून ‘पाश्चात्त्य देश कधीच मित्र नव्हते’ असा निष्कर्ष काढणे इतिहासाला सोडून होईल. १९६२ च्या नोव्हेंबरात विमाने आली ती त्यांचीच. मिलोने लाखो माणसे जगवली. हरितक्रांतीच्या बियाण्यांतही पाश्चात्त्य संशोधनाचा मोठा वाटा आहे. अमेरिका १९६२ मध्ये चांगली आणि १९६५ मध्ये वाईट झाली, असे घडले नाही. तिचे हित १९६२ मध्ये भारताच्या हिताशी जुळत होते, १९६५ मध्ये जुळत नव्हते. बदलले ते जुळणे. त्याचा अंदाज आधी बांधणे हेच मुत्सद्द्याचे काम.

२६/ आता पुन्हा बिरसी. स्वातंत्र्यानंतर धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली. ऑगस्ट १९९८ मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. डिसेंबर २००५ पासून विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. पुढे प्राधिकरणाने सीएई या कंपनीबरोबर भागीदारीत येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू केली. सीएई ही माँट्रियलची, म्हणजे कॅनडाची कंपनी. १९३९ साली ज्याला आठवडाभराची सवड मिळाली होती, तो देश अशा रीतीने बिरसीत आला.

२७/ कॅनडाचे हे कसब दुसऱ्या महायुद्धातले. डिसेंबर १९३९ मध्ये राष्ट्रकुलातील गोऱ्या देशांसाठी हवाई प्रशिक्षणाची योजना कॅनडात आखली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तेथे सुमारे १,३१,००० हवाई कर्मचारी तयार झाले. सीएईची स्थापना १९४७ मध्ये केली ती रॉयल कॅनेडियन एअर फोर्सच्या एका माजी अधिकाऱ्याने. एकाच युद्धाने इकडे धावपट्टी सोडली, तिकडे शिकवण्याची विद्या. सहा दशकांनी दोन्ही गोष्टी धानाच्या शेतात भेटल्या. या वेळी मात्र धावपट्टीचा मालक भारत होता आणि अटी कागदावर दोघांच्या सहीने उतरल्या.

२८/ भारत आणि कॅनडा यांच्या मैत्रीचा इतिहासही चढउतारांचा आहे. तुर्भ्याची सायरस ही अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने १९६० मध्ये सुरू झाली; १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ बॉम्बस्फोटाने अटलांटिकवर कोसळले आणि ३२९ जण गेले. कॅनडातील खलिस्तानी गटांविषयी भारताने आधी दिलेल्या इशाऱ्यांचे पुरेसे गांभीर्य राखले गेले नाही, ही भारताची जुनी व्यथा. येथे पाश्चात्त्य मित्राची सुरक्षाविषयक ढिलाई भारतीय जिवांना भोवली होती.

२९/ सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ट्रूडो यांनी हरदीपसिंग निज्जर याच्या हत्येशी भारतीय हस्तकांचा संबंध असल्याचा आरोप संसदेत केला. भारताने तो साफ फेटाळला. व्हिसा थांबले, मुत्सद्दी परतले, ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या सहा-सहा अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितले. जून २०२५ मध्ये मोदी आणि कार्नी यांच्या भेटीत उच्चायुक्त पुन्हा नेमण्याचे ठरले. या वादाच्या निवेदनांत बिरसीला जागा नव्हती. अशी छोटी, व्यवहारी नाती राजधान्यांच्या रागलोभाखाली शांतपणे चालू असतात, आणि संबंध तुटता तुटता वाचतात ते बऱ्याचदा त्यांच्या आधारावर.

३०/ तिसरा प्रश्न अजून उरला आहे: गेले ते कोणाचे? विमानतळाच्या विस्तारासाठी बिरसी आणि आसपासच्या गावांतल्या जमिनी संपादित झाल्या आणि घरे गेलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हा शब्द दिल्लीत उच्चारला जातो, त्याचा भार वैनगंगेच्या खोऱ्यात उचलला जातो. १९४० मध्ये गावाला कोणी विचारले नव्हते. स्वतंत्र देशाने विचारण्याची पद्धत बदलली असेल, तर तिची परीक्षा बिरसीतच होईल.

३१/ १९३९ मध्ये निर्णय भारताचा नव्हता. १९५१ मध्ये होता, पण पोट रिकामे होते. १९६२ मध्ये होता, पण हातात शस्त्र नव्हते. १९६४ मध्ये दोन दारे ठोठावून पाहता आली, म्हणून निवड करता आली. मित्र हवेतच, एकट्याने कोणताही देश सुरक्षित राहिलेला नाही. परंतु मित्राशी बरोबरीने बोलता येते ते कोठारात धान्य, कारखान्यात काम आणि पर्यायी दार असेल तेव्हा. धानाच्या मुलखातील शेतकऱ्याला हे नवे नाही. ज्याच्या घरी बियाणे आहे तो सावकाराशी वेगळ्या आवाजात बोलतो.

३२/ संध्याकाळी बिरसीच्या आकाशातून शेवटचे शिकाऊ विमान उतरते. उत्तरेला बालाघाटचे डोंगर, पश्चिमेला वैनगंगा, खाली ८० वर्षांहून जुनी आखणी. ती आखणाऱ्यांनी हा देश आपला मानून आखली आणि त्यांची सत्ता सात वर्षांत संपली. पट्टीवर चाके टेकवणाऱ्या तरुण वैमानिकाला यातले काही माहीत असायलाच हवे असे नाही. मात्र ‘दोस्त राष्ट्रे’ हा शब्द पाठ्यपुस्तकात पुन्हा भेटेल, तेव्हा त्या शब्दात आपण नक्की कुठे उभे होतो, हे गोंदियाच्या मुलांनी तरी विचारावे.

(धागा समाप्त)